आकाशातल्या दिव्यांची नोंद कोण घेणार?

चंदगड तालुक्यात रात्री जागणारी माणसे अजून पुष्कळ आहेत. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर वसला आहे. पश्चिमेला घाट उतरला की दोडामार्ग आणि त्यापुढे गोवा, पूर्वेला बेळगाव. गेल्या दोन दशकांत कर्नाटकातून येणारे हत्ती आणि त्याआधीपासून पिकांत शिरणारे गवे यांच्यापायी भात, ऊस, नाचणीची राखण करण्यासाठी येथील शेतकऱ्याला मचाणावर रात्र काढावी लागते. डोंगराच्या रेषेवर एखादा नवा उजेड दिसला, तर तो त्याच्या नजरेतून सुटत नाही. कारण त्या उजेडाचा अर्थ लावणे हे त्याचे काम असते. शेजारच्या शेतातली ती बॅटरी आहे, की हत्ती हुसकावण्यासाठी पेटवलेली मशाल, हे त्याला ओळखावे लागते. पुण्या-मुंबईच्या वाचकाचे आकाश दिव्यांच्या झगमगाटाने केव्हाच पुसून टाकले आहे. त्यामुळे आकाशात काही अनोळखी घडलेच, तर ते पाहणारा पहिला साक्षीदार अशा एखाद्या तालुक्यातलाच असण्याचा संभव अधिक.

प्रश्न असा की, त्याने पाहिलेले तो कोणाला सांगणार? आणि सांगितले, तर त्याचे पुढे काय होणार?

आजवरचा अनुभव सांगायचा तर दोनच गोष्टी होतात. एक तर त्याला हसण्यावारी नेले जाते. डोळ्याला झापड आली असेल, संध्याकाळी थोडी 'घेतली' असेल, असे म्हणून विषय संपवला जातो. नाही तर 'गूढ प्रकाशाने गावकरी भयभीत' अशा मथळ्याखाली तो दिवसभर गाजतो, दूरचित्रवाहिन्यांवर उडत्या तबकडीची चित्रे फिरतात आणि तिसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. नेमके काय दिसले, हे त्या माणसाला कोणीही नीट विचारत नाही. वस्तुतः अशा अनुभवांत मोलाचे असते ते एवढेच.

याचे अगदी अलीकडचे आणि महाराष्ट्रातलेच उदाहरण २ एप्रिल २०२२चे आहे. त्या दिवशी गुढी पाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातील हजारो लोकांनी आकाशात पेटत्या गोळ्यांची रांग सरकताना पाहिली. मध्य प्रदेश आणि गुजरातमध्येही ती दिसली. सणाचा दिवस असल्याने माणसे घराबाहेर होती, मोबाइल हातात होते. त्यामुळे चित्रफिती भरपूर निघाल्या. पहिल्या तासाभरात उल्कावर्षाव, विमान कोसळले, क्षेपणास्त्र सुटले असे सर्व तर्क झाले. न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या एका रॉकेटचा भाग असावा, असाही अंदाज व्यक्त झाला. मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले, पवनपार परिसरात एक गोल टाकी सापडली आणि तर्काला जमिनीचा आधार मिळाला. अवकाशातील वस्तूंची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी, फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या चीनच्या 'चँग झेंग ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी वातावरणात शिरणार होता आणि त्याचा मार्ग याच पट्ट्यावरून जात होता, हे दाखवून दिले. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी अवशेषांची पाहणी केली.

या घटनेतील एक तपशील शहरी वाचकांनी लक्षात घ्यावा असा आहे. गोळे सावकाश, आडवे आणि एकामागून एक जात होते, असे पाहणाऱ्यांनी सांगितले होते. ही साधी वाक्ये निर्णायक होती. उल्का सेकंदाला किमान ११ आणि कमाल सुमारे ७२ किलोमीटर वेगाने येते. बहुतेक उल्का डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतात. पृथ्वीभोवती फिरणारा रॉकेटचा सांगाडा मात्र सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ जमिनीला समांतर शिरतो आणि तुटत-तुटत मिनिटभर किंवा त्याहून अधिक काळ जळत राहतो. म्हणजे 'किती वेळ दिसले?' या एका प्रश्नाच्या उत्तराने अर्धा निकाल लागतो. हे उत्तर देण्यासाठी पदवी लागत नाही, तर पाहिलेले पाहिले तसे सांगण्याचा प्रामाणिकपणा लागतो आणि तो त्या दिवशी गावकऱ्यांपाशी होता.

उलट, शिक्षण आणि शिस्त असूनही डोळा कसा फसतो याचे उदाहरण लडाखमध्ये घडले. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात भारतीय लष्कराच्या जवानांनी पँगाँग सरोवराच्या परिसरात प्रकाशमान वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. चीनची टेहळणी करणारी मानवरहित विमाने असावीत, असा संशय होता आणि सीमेवर उभ्या असलेल्या सैनिकाने तसा संशय घेणे हेच त्याचे कर्तव्य आहे. अखेर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांनी निष्कर्ष काढला, की जवान सहा महिने गुरू आणि शुक्र या ग्रहांवर पाळत ठेवून होते. ही बातमी जगभर विनोद म्हणून वाचली गेली. पण त्यात हसण्यासारखे फारसे काही नाही. उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रह विलक्षण तेजस्वी दिसतात आणि ज्याच्या मनात ड्रोनची भीती आहे, त्याला ग्रह ड्रोनसारखाच दिसतो. शिवाय जवानांनी नोंदी ठेवल्या होत्या म्हणूनच उलगडा झाला, ही बाब त्या हशात हरवून गेली. नोंद नसती, तर सीमेवरच्या अफवांत आणखी एका अफवेची भर पडली असती.

नेमके काय होते हे शेवटपर्यंत न ठरलेला एक अनुभवही येथे नोंदवायला हवा. २७ सप्टेंबर २००४ रोजी इस्रोच्या अहमदाबाद येथील अंतराळ उपयोजन केंद्राचे हिमनदीतज्ज्ञ डॉ. अनिल कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी हिमाचल प्रदेशात लाहौल-स्पितीतील समुद्र टापू हिमनदीच्या परिसरात काम करीत होते. डोंगरउतारावर त्यांना सुमारे चार फूट उंचीची, पांढरी, यंत्रमानवासारखी भासणारी वस्तू सरकताना दिसली. नंतर ती वर उचलली जाऊन दिसेनाशी झाली. त्यांनी छायाचित्रे घेतली आणि प्रकरण वरिष्ठांपर्यंत नेले. हवेने भरलेला फुगा किंवा फुग्यांचा जुडगा, ही सर्वांत साधी शक्यता प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. वाऱ्याच्या झोतावर डोंगरउतारावर असे फुगे 'चालतात'. परंतु या प्रकरणाचे महत्त्व त्या वस्तूपेक्षा साक्षीदारांच्या वागण्यात आहे. थट्टेची भीती असतानाही त्यांनी स्थळ, वेळ, अंतर आणि छायाचित्र यांसह लिहून ठेवले. शास्त्रज्ञाने न समजलेली गोष्ट लपवली असती, तर तो शास्त्रज्ञ कसला?

'न उलगडलेले' आणि 'न उलगडणारे'

या विषयाचा सगळा घोळ या दोन शब्दांत आहे. एखाद्या दिव्याचा उलगडा झाला नाही, म्हणजे तो होणारच नाही असे नव्हे. आणि उलगडा झाला नाही म्हणून तो परग्रहावरून आला, असे तर मुळीच नव्हे. अमेरिकेचा पाऊणशे वर्षांचा अनुभव याची साक्ष देतो. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्या. पाण्यावर फेकलेल्या बशीसारखी त्यांची गती होती, असे त्याने सांगितले. गतीला दिलेली ही उपमा वृत्तपत्रांनी आकाराला चिकटवली आणि 'उडती तबकडी' जन्माला आली. त्यानंतर लोकांना तबकड्याच दिसू लागल्या, यावरून शब्द नजरेला कसे वळण लावतो हे कळते.

अमेरिकी हवाई दलाने 'प्रोजेक्ट ब्लू बुक'मध्ये १९६९पर्यंत १२,६१८ घटनांची छाननी केली. त्यांतील ७०१ 'अनोळखी' राहिल्या. २०२१मध्ये तेथील गुप्तचर यंत्रणेने सादर केलेल्या अहवालात १४४ घटना होत्या. त्यांतील केवळ एकीचे खात्रीशीर स्पष्टीकरण देता आले आणि ती वस्तू हवा निघत चाललेला मोठा फुगा होती. उरलेल्या १४३ घटनांवरून बरेच कागद खर्ची पडले. २६ जुलै २०२३ रोजी डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने तेथील संसदेच्या समितीपुढे, सरकारने परकीय याने लपवली आहेत, असे शपथेवर सांगितले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच नासाच्या अभ्यासगटाचा अहवाल आला. परग्रहवासीयांचा पुरावा नाही, असे त्याने म्हटले. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उपलब्ध माहिती निकृष्ट आहे आणि थट्टेच्या भीतीने लोक, विशेषतः वैमानिक, बोलत नाहीत, याकडे त्याने बोट दाखवले. मार्च २०२४मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या कक्षानेही जुन्या दप्तरांची तपासणी करून, परकीय यानांच्या दाव्यांना आधार सापडला नाही, असे जाहीर केले.

फ्रान्सने मात्र या बाबतीत गाजावाजा न करता एक शहाणपणाची व्यवस्था उभी केली. तेथील राष्ट्रीय अवकाश संस्थेत १९७७पासून अशा घटनांची छाननी करणारा छोटा कक्ष आहे. आज तो 'गेपान' याच नावाच्या सुधारित रूपात चालतो. कोणीही नागरिक अर्ज भरू शकतो. प्रत्येक घटनेची चार गटांत वर्गवारी होते: निश्चित ओळखलेली, बहुधा ओळखलेली, माहिती अपुरी असलेली आणि माहिती पुरेशी असूनही न उलगडलेली. शेवटच्या गटात जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास घटना उरतात. 'माहिती अपुरी' हा गट त्याहून कितीतरी मोठा आहे. ज्या घटनांना आपण गूढ म्हणतो, त्यांतील बहुतेकांत कमतरता असते ती टिपणाची. आपल्या देशात सामान्य माणसासाठी खुला असा कक्ष नाही. लाडबोरीच्या गावकऱ्यांनी पोलिस ठाणे गाठले, कारण जाण्यासारखी तेवढीच जागा होती.

पारगडावरून पाहताना

तत्त्वाची चर्चा बाजूला ठेवून चंदगडच्या आकाशाकडे वळू. समजा, शिवकाळापासून नांदत्या असलेल्या पारगडाच्या पश्चिम कड्यावर संध्याकाळी उभ्या असलेल्या माणसाला कोकणाच्या बाजूला एक तेजस्वी दिवा अधांतरी थांबलेला दिसला. पाच मिनिटे तो हलत नाही, नंतर एकाएकी बाजूला वळतो आणि नाहीसा होतो. ऐकणारा म्हणेल, विमान एका जागी थांबत नाही, मग हे काय? उत्तर नकाशात आहे. चंदगडपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर मोपा येथे गोव्याचा नवा विमानतळ जानेवारी २०२३पासून सुरू झाला. त्याहून थोड्या अधिक अंतरावर पूर्वेला बेळगावचे सांबरा, पश्चिमेला चिपी, नैऋत्येला नौदलाचा तळ असलेले दाबोळी. आपल्या रोखाने येणाऱ्या विमानाचा पुढचा दिवा कित्येक मिनिटे एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो, आवाज पोहोचत नाही, आणि विमान वळताच दिवा 'विझतो'. २०२२पूर्वी ज्या दिशेला रात्री फारसे काही नव्हते, तेथे आज दिवे आहेत. ज्याने आयुष्यभर ते आकाश पाहिले, त्याला ते विचित्र वाटणे अगदी स्वाभाविक आहे. किंबहुना तो चांगला निरीक्षक असल्याचे ते लक्षण आहे.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे 'मागच्या डोंगराआड पडले'. तेजस्वी अग्निगोल मावळताना प्रत्येक गावाला तो आपल्याच डोंगरामागे पडल्यासारखा दिसतो. माणसाच्या दोन डोळ्यांना अंतराचा अंदाज येतो तो जवळच्या वस्तूंबाबत. त्यापुढे आपण ओळखीच्या आकारावरून अंतर ठरवतो, आणि अनोळखी दिव्याला ओळखीचा आकारच नसतो. ८० किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू हिशेबाने हजार किलोमीटरपर्यंत क्षितिजालगत दिसू शकते. त्यामुळे चंदगडच्या माणसाला जे डोंगराआड पडल्यासारखे वाटते, ते सोलापूरच्याही पलीकडे असू शकते. अर्थात, प्रत्येक वेळी ते दूरच असते असेही नाही. २२ मे २०१२ रोजी नागपूरजवळच्या काटोल परिसरात भर दुपारी स्फोटासारखे आवाज होऊन खरोखरीच दगड पडले; भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते गोळा केले आणि 'काटोल' नावाने ती अशनी आज नोंदली गेली आहे. आवाज ऐकू आला होता का, हा म्हणूनच दुसरा महत्त्वाचा प्रश्न.

तिसरा प्रकार नवा आहे. सूर्यास्तानंतर तासा-दीड तासात किंवा पहाटे, एका दोरीत ओवल्यासारखे चाळीस-पन्नास दिवे आगगाडीच्या डब्यांप्रमाणे सरळ रेषेत जातात. मे २०१९मध्ये 'स्टारलिंक'चे पहिले ६० उपग्रह सुटल्यापासून जगभरच्या पोलिस ठाण्यांचे दूरध्वनी यामुळे खणखणले आहेत. खाली अंधार झालेला असतो, पण काही शे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असते. ते ऊन परावर्तित होते, इतकेच. याच कारणाने १५ डिसेंबर २०२२च्या संध्याकाळी पश्चिम बंगालमध्ये अनेकांनी आकाशात प्रकाशाचा विलक्षण झोत पाहिला. थोड्या वेळापूर्वी ओडिशाच्या किनाऱ्यावरून 'अग्नी-५'ची चाचणी झाली होती.

याखेरीज जमिनीवरचे उजेड आहेतच. मृगाच्या आधी झाडेच्या झाडे पेटवणारे काजवे, पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उमटणारी बुरशीची मंद चमक, लग्नसराईत सोडलेले कागदी कंदील. धुक्याच्या पडद्यावर पडलेला वाहनाचा झोत घाटात कसा नाचतो, हे रात्री प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको.

देवचाराची चूड

अशा उजेडांसाठी आपल्या भाषेत जागा नव्हती असे नाही. उलट ती भरपूर होती. रात्री रानात दिसणाऱ्या फिरत्या ज्वाळेला आग्यावेताळ म्हणत. अमावास्येला वेताळाची पालखी मशालींसह निघते, असे सांगितले जाई. घाटाखाली तळकोकणात आणि गोव्यात गावाची हद्द राखणारा देवचार हातात चूड घेऊन फिरतो, अशी श्रद्धा आहे. शेंडेनक्षत्र दिसले की राजावर संकट. लोणारच्या विवराला, जे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून अशनीच्या आघाताने बनले हे आज सिद्ध आहे, लोकांनी लवणासुराची कथा जोडली. या कल्पनांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्यात एक सोय होती. ज्याने उजेड पाहिला तो एकटा पडत नसे. गावाला त्या अनुभवाचे नाव ठाऊक असे, त्याला काय करायचे हेही ठरलेले असे. देवचार दिसला तर तो राखणदारच आहे, त्याला वाट द्यायची आणि आपण घरी यायचे.

आज ते नाव गेले आणि त्याच्या जागी दुसरे आले आहे. परग्रहवासी हे शहराचे नाव. खेड्यात त्याला ड्रोन म्हणतात. फरक असा की देवचाराला कोणी मारायला धावत नसे. जून-जुलै २०२४मध्ये पुणे जिल्ह्यातील काही तालुक्यांत आणि मराठवाड्यात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची धास्ती पसरली. चोरांनी टेहळणी चालवली आहे, असे बोलले जाऊ लागले. गावोगावी जागता पहारा सुरू झाला, विधानसभेतही हा विषय निघाला. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशात तशीच लाट आली आणि ड्रोनची भीती पसरवणाऱ्यांवर कठोर कायद्यांखाली कारवाईचा इशारा तेथील सरकारला द्यावा लागला. लाठ्या घेऊन रात्रभर जागणारा जमाव आणि त्या वाटेने येणारा अनोळखी माणूस यांची गाठ पडली तर काय होते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. तेथे आकाशात दिवा नव्हता, पण भीतीची रीत तीच होती. आकाशातल्या दिव्याचा वेळीच उलगडा करणे ही हौशी मंडळींची करमणूक नसून कायदा व सुव्यवस्थेचा भाग आहे, असे म्हणायचे ते याच कारणाने.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. आकाशातून पडलेली वस्तू नेहमीच निरुपद्रवी नसते. काही टाक्यांत हायड्राझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा त्यातील अणुभट्टीचे किरणोत्सारी तुकडे मैलोन् मैल विखुरले. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरील नुकसानीची संपूर्ण जबाबदारी उपग्रह सोडणाऱ्या देशावर असते. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले, ३० लाख मिळाले. त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९७९मध्ये, 'स्कायलॅब' आपल्याच डोक्यावर पडणार या धास्तीने भारतभर लोकांची झोप उडाली होती. ती पडली ऑस्ट्रेलियात, आणि तेथील एस्परन्स परगण्याने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. विनोद बाजूला ठेवला, तरी त्या परगण्याने निदान तुकडे मोजून नोंदवले. भरपाई मागायची तर वस्तू कोणाची हे आधी सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी ती कधी, कोठून, कोणत्या दिशेने आली याची साक्ष लागते. ही साक्ष मचाणावरचा माणूसच देऊ शकतो.

मग अडते कोठे? साधनांवर अडत नाही. हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून अनेक दशके प्रचंड संशोधन-फुगे सोडले जातात. हायड्रोजनने भरलेला पातळ प्लास्टिकचा हा फुगा तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जातो. अंधार पडल्यावरही त्याच्यावर ऊन असते, त्यामुळे तो एखाद्या ग्रहासारखा झळकतो. त्याची उपकरणे हवाई छत्रीने मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडे उतरतात. म्हणून संस्था मोसमाआधी जिल्हा प्रशासनाला आणि वृत्तपत्रांना कळवते, की अशी वस्तू सापडल्यास हात लावू नका, पोलिसांना सांगा. हे निवेदन आतल्या पानावर चार ओळींत छापले जाते आणि 'गूढ वस्तू सापडली' ही बातमी पहिल्या पानावर.

याच फुग्यांतून २००१ आणि २००५मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. २००५च्या नमुन्यांतून तीन नव्या जिवाणू प्रजाती सापडल्याचे २००९मध्ये जाहीर झाले. त्यांतील एकीला फ्रेड हॉईल यांचे नाव देण्यात आले. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८मधला. २० मे २०२५ रोजी ते गेले. परग्रहावरील जीवसृष्टीच्या कल्पनेचे त्यांना वावडे नव्हते. 'प्रेषित'सारखी कादंबरी त्यांनी लिहिली. पण पृथ्वीबाहेरून जीव येतो का, हे पाहायचे तर निर्जंतुक केलेल्या नळकांड्या आकाशात पाठवाव्या लागतात, ऐकीव कथांवर भागत नाही, हा त्यांचा आग्रह होता. ते जिवाणू अवकाशातूनच आले, असेही त्या प्रयोगाने ठामपणे म्हटले नाही. एवढा संयम फार थोड्यांना जमतो.

खुद्द कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या सहकार्याने रात्रीच्या संपूर्ण आकाशाचे एकाच वेळी चित्रण करणारा कॅमेरा चालवला गेला आहे. वातावरणाच्या वरच्या थरातील अत्यंत मंद प्रकाशाचा अभ्यास हा त्याचा उद्देश. त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. अशा चित्रांत उल्का, उपग्रह, विमाने आली तर संशोधक ती अडथळा म्हणून बाजूला काढतो. चंदगडच्या राखणदाराच्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या बाजूला काढलेल्या भागात असते. तो भाग तारीख-वेळेनुसार जपून ठेवला आणि तालुक्याच्या पोलिस ठाण्यातून आलेल्या तक्रारीशी ताडून पाहिला, तर नवे खाते काढण्याचीही गरज पडणार नाही. हौशी खगोल मंडळे, महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभाग, तहसील कार्यालय यांच्यात एका छापील अर्जाची देवघेव पुरेशी आहे. किती वाजले होते, किती वेळ दिसले, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती वीत वर, आवाज आला का, आणखी कोणी पाहिले. हात लांब करून धरलेली वीत म्हणजे साधारण वीस अंश. कोणालाही मोजता येते. 'ते काय असावे, असे तुम्हाला वाटते?' हा प्रश्न मात्र शेवटी विचारावा, आधी विचारला तर बाकीची उत्तरे त्याच्या मागे धावतात.

कोल्हापूरकरांना हे जड जाऊ नये. महालक्ष्मीच्या देवळात वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळतीचे किरण पायरी-पायरीने गाभाऱ्यात शिरतात तेव्हा चरणांपर्यंत किती वाजता आले, चेहऱ्यापर्यंत पोहोचले की नाही, ढग आडवा आला की नव्या इमारतीची भिंत, याची चर्चा मिनिटांच्या हिशेबात होते. श्रद्धा आहे म्हणून मोजमाप सैल होत नाही. किरण पोहोचले नाहीत, तर देवीचा कोप म्हणण्याआधी अडथळा कोठे आहे हे पाहिले जाते.

आणि निकड वाढतेच आहे. भारत सरकारने जून २०२५मध्ये स्टारलिंकला परवाना दिला. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशा दूरच्या जिल्ह्यांत उपग्रहाद्वारे इंटरनेट पोहोचवण्यासाठी त्या कंपनीशी इरादापत्रावर सह्या केल्या. चंदगडच्या घाटमाथ्यावरील मोबाइलची रेंज नसलेल्या वाड्या-वस्त्यांनाही उद्या हीच सोय लागेल. या उपग्रहांचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे. नंतर ते वातावरणात उतरवून जाळले जातात. म्हणजे ज्या उपग्रहाने एखाद्या वाडीवरच्या मुलाचा ऑनलाइन अर्ज पोहोचवला, तोच काही वर्षांनी त्याच्या बापाला शेतावरून जळत जाताना दिसू शकतो. तोपर्यंत तालुक्याच्या पोलिस ठाण्यात त्या सहा प्रश्नांचा अर्ज पोहोचलेला असला, तर ते पाहणाऱ्याचे नाव आणि वेळ कोठेतरी लिहिली जाईल.